दूध बाधतंय, मग काय करायचं?

कोल्हापुरात आहाराचा सल्ला देताना मी एक वाक्य नेहमी दबक्या आवाजात ऐकते : "मॅडम, मला दूध बाधतंय." गंगावेशीत समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देणारं हे गाव, इथं दूध न पचणं लोकांना कमीपणाचं वाटतं. तसं वाटायचं काहीच कारण नाही. दुधातली लॅक्टोज ही साखर फोडणारं विकर लहानपणी आतड्यात भरपूर असतं, मोठेपणी अनेकांमध्ये ते घटतं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. (धारोष्ण दूध मात्र पचणाऱ्यांनीही उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात.)

अशा माणसाला मी पहिल्यांदा विचारते, दही-ताक चालतं का? बहुतेकांना चालतं. विरजणातले जिवाणू बरीचशी लॅक्टोज आधीच आंबवून टाकतात आणि उरलेली पचवायला पोटातही मदत करतात. जेवताना वाटीभर दही खाल्लं की दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. ताक पोटाला हलकं, पण निम्म्याहून जास्त पाणी घातलेल्या ताकाला दह्याच्या जागी धरू नका. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा ओठ सुजत असतील, तर दहीसुद्धा बंद ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

हल्ली तरुण मुली दुधाऐवजी बदामाच्या पेयाचं पाकीट आणतात. आपल्या तालमीतली थंडाई आठवा : मूठभर बदाम, खसखस, बडीशेप, सगळं कुंडीत घोटून घोटून काढलेलं. पाकिटात मात्र शंभर भागांत बहुधा दोन-तीन भागच बदाम असतो, बाकी पाणी. 200 मिली गाईच्या दुधात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. या पेयात एखाद-दुसरा ग्रॅम. ओट्सच्या पेयातही प्रथिनं कमीच, शिवाय ते बनवताना पिठूळ भागाची साखर होते. प्रथिनांत दुधाच्या जवळ जातं ते सोयाचं. घ्यायचंच तर साखर न घातलेलं आणि कॅल्शियम मिसळलेलं घ्या, आणि ओतण्याआधी पाकीट नीट हलवा. कॅल्शियम तळाशी बसतं.

मला स्वतःला यापेक्षा नाचणी जास्त भरवशाची वाटते. प्रौढ माणसाला रोज साधारण 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं आणि 100 ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं. त्यातलं सगळं अंगी लागत नाही, पण पीठ आंबवून आंबील केली तर जास्त मिळतं. जोडीला न सोललेल्या तिळाची चटणी ठेवा. पालकावर मात्र विसंबू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

एका बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. बी-12 जीवनसत्त्व नाचणीत नाही, तिळात नाही, सोयाबीनमध्येही नाही. शाकाहारी घरात ते येतं दूध, दही, पनीर यांतूनच. हे सगळंच सोडणार असाल तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारून बी-12ची गोळी सुरू करा. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका.