विश्लेषण : ‘आतून मी माणूस नाही’ म्हणणाऱ्यांवर चाहतेच का चिडतात?

बदलापूरहून मुंबईच्या ‘कॉमिक कॉन’ला निघालेला, पिवळा विग आणि कपाळपट्टी घातलेला एखादा नारुतो लोकलमध्ये दिसला, तर डब्यातले लोक फार तर हसतील, एखादे काका फोटो काढतील. कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणे, अंबरनाथ-उल्हासनगरच्या मुलांनाही आता परके नाही. पण त्याच मुलाने ‘हा वेश नाही, आतून मी तोच आहे’ असे सांगितले तर? डब्यातल्या लोकांआधी त्याचे कॉस्प्लेवाले मित्रच दचकण्याची शक्यता जास्त.

असे म्हणणारे कोण असतात?

आपण आतून लांडगा, मांजर असा एखादा प्राणी आहोत असे मानणाऱ्यांना ‘थेरियन’ म्हणतात. ‘अदरकिन’ स्वतःला ड्रॅगन, एल्फ अशा मानवेतर जीवांपैकी समजतात, तर ‘फिक्शनकिन’ स्वतःला कथेतले पात्र मानतात. यांना आपले शरीर माणसाचेच आहे हे पक्के ठाऊक असते. आपण खरोखर प्राणी झालो आहोत अशी रुग्णाची खात्री पटणे हा वेगळा आणि दुर्मीळ मानसिक आजार आहे.

‘फरी’ त्याहून वेगळे. माणसासारखे बोलणारे-चालणारे प्राणी ज्यांना कार्टूनमध्ये आवडतात, ते हे चाहते. त्यांतले काही जण लोकरी पोशाख घालून मेळाव्याला जातात आणि रविवारी रात्री तो कपाटात ठेवतात. थेरियन त्यांच्यात थोडेच.

चाहत्यांशी यांचा संबंध कसा आला?

थेरियन हे चाहत्यांमधूनच पुढे आले. १९९२ मध्ये लांडगामानवांच्या भयकथा आणि चित्रपटांच्या चाहत्यांसाठी इंटरनेटवर एक चर्चागट निघाला. तिथे गप्पा मारता मारता काही जण सांगू लागले, की आम्हाला ही गोष्ट नुसती आवडत नाही, ती आमचीच वाटते. थेरियन समुदाय आकाराला आला तो या गटातून.

मग राग कशाचा?

पहिले कारण सरळ आहे. चाहत्यांनाच जग हसते, त्यामुळे आपल्याहून ‘विचित्र’ कोणी दिसला की त्याला दूर लोटून आपण शहाणे ठरतो असे वाटते. २००८ मध्ये फरींवरील एका बहुचर्चित अभ्यासात ‘प्रजाती-ओळख विकार’ अशी संकल्पना मांडली गेली. पुढे तिच्यावर टीका झाली, पण सरसकट सगळ्यांना विकृत ठरवले जाण्याची धास्ती फरींमध्ये जुनीच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत अफवा उठली, की स्वतःला मांजर म्हणवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शाळा स्वच्छतागृहात मांजरांचे वाळूचे ट्रे ठेवतात. राजकारण्यांनी ती पसरवली, शाळांनी फेटाळली. बदनामी फरींचीही झाली.

दुसरे कारण मला जास्त खरे वाटते. चाहत्यांचा अर्धा आनंद वाद घालण्यात असतो. अमुक पात्र त्या प्रसंगात असे का वागले, यावर रात्र सरते. तिथे कोणी ‘तसे घडलेच नव्हते, मला आठवते’ म्हणाला की वाद संपतो, कारण आठवणीशी भांडता येत नाही. त्यातच एकाच पात्रावर दोघांनी हक्क सांगितला तर गट फुटायला वेळ लागत नाही.

उलट तक्रारही आहे. नवी पिढी ‘किन’ हा शब्द ‘हे पात्र अगदी माझ्यासारखे’ इतक्या हलक्या अर्थाने वापरते, यावर जुने फिक्शनकिन नाराज असतात.

आपल्याकडे असे काही होते का?

जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, भुंकतात, कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे खातात. बदलापूरजवळच्या मुळगावच्या खंडोबाला जाणाऱ्या कुणालाही वाघ्या वेडा वाटत नाही. मात्र दोन्ही एकच म्हणता येणार नाही. वाघ्याला नवस, देव आणि समाजाने दिलेली जागा आहे. मोबाइलवर एकट्याने स्वतःचे नाव शोधणाऱ्या मुलाकडे यांतले काहीच नसते.

पालकांनी घाबरावे का?

सोसायटीच्या आवारात मुखवटा लावून चार पायांवर धावणारी मुलगी थेरियनच असेल असे नाही. ‘क्वाड्रोबिक्स’ हा व्यायामप्रकार आहे. जपानच्या केनिची इतो याने २०१५ मध्ये १०० मीटर चार पायांवर १५.७१ सेकंदांत पार करून गिनेस विक्रम केला. रशियात मात्र २०२४ मध्ये काही राजकारण्यांनी क्वाड्रोबिक्सवर बंदीची भाषा केली.

थेरियन किंवा फिक्शनकिन असणे हे निदान मानसिक आजारांच्या मान्यताप्राप्त याद्यांत नाही. बघायचे ते नेहमीचेच : झोप, जेवण, अभ्यास, मित्र तुटले का, स्वतःला इजा करण्याची भाषा आहे का. तसे असेल तर समुपदेशकाकडे जावेच, आणि बोलणे शेपटीपासून सुरू करू नये.

खरी अडचण आपल्या शहरांच्या आकाराची आहे. अमेरिकेतल्या मुलाला एका गटाने हाकलले तर तो दुसरा शोधतो. इथे अॅनिमेचा व्हॉट्सअॅप ग्रुप, क्लासची बॅच आणि ७.१२च्या लोकलचा घोळका यांत तीच दहा-बारा मुले असतात. विश्वासाने ग्रुपवर लिहिलेल्या एका ओळीचा स्क्रीनशॉट कल्याण यायच्या आत सगळ्यांकडे पोहोचलेला असतो, आणि संध्याकाळी परतायचे त्याच मुलांसोबत.