कूळ मेंदूचे, मुक्काम छातीत

गाठ म्हटली की आपण आधी तिचा ठावठिकाणा विचारतो. गळ्यातली की पोटातली? डॉक्टरांची रीत निराळी. त्यांना ठिकाणापेक्षा कूळ महत्त्वाचे. गाठ कोणत्या पेशींची, यावरून ते तिचे नाव ठेवतात. आणि कूळ एकीकडचे व मुक्काम भलतीकडे असला, म्हणजे मोठी पंचाईत होते.

'मेनिंजिओमा' हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९२२ साली रूढ केले. मेंदू व पृष्ठरज्जू यांभोवती तीनपदरी आवरण असते. मधल्या पदराचे नाव कोळ्याच्या जाळ्यावरून पडले आहे. सर्वांत बाहेरच्या चिवट पदराच्या लॅटिन नावाचा अर्थ तर चक्क 'कठीण आई'! (मूळ कल्पना अरबी वैद्यांची. भाषेच्या मास्तराला असे काही सापडले की राहवत नाही, असो.) मधल्या पदराच्या पेशींपासून वाढणारी गाठ ती मेनिंजिओमा. बहुधा सौम्य, सावकाश वाढणारी.

अशी गाठ फुप्फुसातच उगवल्याची पहिली नोंद केम्निट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. पुढेही अशा हकिगती आल्या, पण तुरळकच.

रुग्णाला बहुधा काहीच त्रास नसतो. भलत्याच कारणासाठी छातीचा फोटो काढतात आणि त्यात वाटोळा डाग दिसतो. मग घरातले बोलणेच बंद होते. कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारीत नाही, पण सर्वांच्या मनात तोच. पेट स्कॅनमध्येही ही गाठ कधी कधी कॅन्सरसारखीच उजळते. अखेर ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, तो भोवऱ्यासारख्या वळलेल्या पेशी आणि क्वचित वाळूसारखे चुन्याचे कण. ही तर मेंदूच्या आवरणाची मंडळी!

इथे घरच्यांना दुसरा धक्का बसतो : 'म्हणजे डोक्यातही गाठ आहे की काय?' हा प्रश्न मुळीच खुळा नव्हे. डोक्यातला मेनिंजिओमा शरीरात इतरत्र फार क्वचित पसरतो. परंतु पसरलाच तर बहुतेक वेळा फुप्फुसात, आणि तोही कधी कधी मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी. म्हणून डोक्याचा व कण्याचा एमआरआय काढल्यावाचून निकाल द्यायचा नसतो. तेथे काही सापडले नाही, तरच ही गाठ फुप्फुसाची स्वतःची. मग ती पुरती काढली की बहुतेकांचे दुखणे तेथेच संपते. थोड्या गाठी मात्र घातक निघाल्या आहेत. तेव्हा पुढची तपासणी चुकवू नये.

या पेशी छातीत आल्या कशा? कोणी म्हणतात, गर्भावस्थेतच वाट चुकल्या. दुसरा पक्ष बोट दाखवतो तो फुप्फुसातल्या काही चिमुकल्या दाण्यांकडे. १९६० साली त्यांचे वर्णन झाले तेव्हा ते भलत्याच कुळात घातले गेले होते. मेंदूच्या आवरणाशी त्यांचे साम्य १९८८ साली दाखवण्यात आले. त्यातलाच एखादा दाणा वाढून ही गाठ होते की काय, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे.