निम बोलला का?

चिंपँझी हा मोठा हुशार प्राणी आहे. वारुळात काडी घालून तो वाळवी बाहेर काढतो आणि खातो. पण त्याला माणसासारखे शब्द उच्चारता येत नाहीत. मग त्याला हातांनी बोलायला शिकवले तर?

अमेरिकेतील अनेक कर्णबधिर लोक हातांच्या खुणांनी बोलतात. हे नुसते हातवारे नव्हेत. ती व्याकरण असलेली भाषा आहे. ही भाषा चिंपँझीला शिकवण्याचा एक प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. जेम्स मार्श यांनी त्यावर 'प्रोजेक्ट निम' हा माहितीपट काढला. तो २०११ साली प्रदर्शित झाला.

निमचा जन्म १९७३ साली ओक्लाहोमा राज्यात झाला. काही दिवसांतच त्याला आईपासून दूर नेले. ते दृश्य ऐकूनही वाईट वाटते. न्यूयॉर्कमधील एका घरात तो मुलांबरोबर वाढू लागला, कपडे घालू लागला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक हर्बर्ट टेरेस या प्रयोगाचे प्रमुख होते. शिक्षक निमचे हात धरून त्याला खुणा शिकवत. तो सुमारे सव्वाशे खुणा शिकला. संत्रे हवे असले, की 'दे', 'संत्रे', 'मी', 'खाणे' या खुणा तो उलटसुलट करत राही. एकदा तर त्याने सलग सोळा खुणा केल्या!

निम मोठा झाला, तसा चावू लागला. १९७७ साली त्याला ओक्लाहोमाला परत पाठवले. नंतर टेरेस यांनी त्याच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या. तेव्हा त्यांना वेगळेच दिसले. बहुतेक वेळा शिक्षक आधी खूण करत आणि निम तीच पुन्हा करी. लहान मुलाची वाक्ये वाढतात, तसा त्यांचा अर्थही वाढतो. निमच्या खुणा वाढत, अर्थ तेवढाच राही. निम वाक्य करत नाही, असे टेरेस यांनी १९७९ साली जाहीर केले. काही संशोधकांना ते पटले नाही. शिक्षक सारखे बदलत असताना तो नीट कसा शिकणार, असे त्यांचे म्हणणे होते.

वाद भाषेचा चालला होता. निमचे पुढे काय, हे मात्र कोणी आधी ठरवलेच नव्हते. काही वर्षांनी त्याला औषधांच्या प्रयोगशाळेला विकले. लोकांनी ओरड केली, तेव्हा त्याची सुटका झाली. पुढे २००० साली मरेपर्यंत तो टेक्सासमधील प्राण्यांच्या आश्रयस्थानात राहिला. ओक्लाहोमातला त्याचा जुना मित्र तेथे भेटायला आला, तेव्हा निमने त्याला ओळखले आणि हातांनी खूण केली: 'खेळ!'