बोट कुठे आहे?

"बोट कुठे आहे तुझं?" काकू विचारतात.

मुलगा गडबडतो. कागद मांडीवर आहे आणि बोट हवेत. ही कविता माणसाच्या एकटेपणाची आहे, असं त्यानं आत्ताच ठणकावून सांगितलंय. वाक्य चांगलं आहे, कुठल्याही कवितेला चालेल इतकं चांगलं. आता तो एकटेपणा त्याला समोरच्या आठ ओळींत दाखवायचा आहे. बोट पहिल्या ओळीवर जातं, तिसरीवर घुटमळतं आणि परत मांडीवर येतं.

"नाही सापडून राहिला," तो म्हणतो.

"मग असू दे. आत्ता नाही सापडला. पुढे बघू."

जबलपूरच्या राइट टाउनमधलं हे जुनं बैठं घर. ऑगस्टमधला रविवार, बाहेर रिपरिप, आणि वीज अर्ध्या तासापासून गेलेली. पुढच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा मुलं बसली आहेत, नववीपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंतची. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि गल्लीत एकमेकांना 'बड्डे'. कुणाचे पणजोबा रेल्वेबरोबर आले, कुणाचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत लागले. एका मुलीच्या घरचे मात्र भोसल्यांच्या काळापासून इथलेच म्हणवतात. काकू निवृत्त हिंदी शिक्षिका. मराठी कवितेचा हा वर्ग त्या फुकट चालवतात, पोहे-जलेबी वर. मी कोपऱ्यातल्या तखतावर आहे. पाहुण्यानं मध्ये बोलायचं नाही, ही अट दारातच घातली गेली आहे.

बरीचशी मुलं मध्य प्रदेश बोर्डाची आहेत. कवितेचं उत्तर म्हटलं की संदर्भ, प्रसंग, व्याख्या, विशेष हे चार खण त्यांच्या हातात बसलेले. 'प्रस्तुत पद्यांश' अशी सुरुवात ती झोपेतही करतील. चौथ्या खणात अलंकार, रस आणि 'भाषा सरल एवं प्रवाहमयी'. कविता न वाचताही हे सगळं लिहिता येतं, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक आहे. त्यांची कवितेची भीती कविता कळत नाही म्हणून नसावी. छापील व्याख्या आठवली नाही तर काय, ही ती भीती असावी.

भिंतीला टेकून बसलेला उंच मुलगा पाठांतरात पटाईत. शाळेच्या स्पर्धांत सुभद्राकुमारी चौहान यांची 'झाँसी की रानी' म्हणून त्यानं कप मिळवलेत. या शहरात ती कविता म्हणजे घरचीच. सुभद्राकुमारी इथेच राहिल्या, १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात इथूनच उतरल्या, आणि नगर निगमासमोरच्या त्यांच्या पुतळ्याचं अनावरण १९४९ मध्ये महादेवी वर्मांनी केलं. मी येण्याआधी मुलानं ती म्हणून दाखवली असणार, कारण धाकट्या दोघी अजून त्याच्या हातवाऱ्यांची नक्कल करताहेत. पण आज हातात आलेला कागद अनोळखी आहे. तो वाचायला लागतो तेव्हा तोच आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत अर्धा होतो आणि चौथीला फक्त ओठ हलतात. पाठ असलेली कविता म्हणताना पुढे काय येणार हे माहीत असतं. इथे ते नाही.

कागदावर कवीचं नाव नाही, सालही नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी नेमकं हेच केलं होतं. नावं झाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना द्यायच्या आणि त्यांनी काय लिहिलं ते तपासायचं. त्यातून १९२९ मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक झालं. चांगल्या घरांतली, चांगलं शिकलेली ती मुलं नाव काढून घेतल्यावर कशी चाचपडली, हे त्यात त्यांच्याच शब्दांत छापलेलं आहे. काकूंना रिचर्ड्स ठाऊक आहेत की नाहीत, मी विचारत नाही. त्यांचं कारण साधं आहे: "नाव दिसलं की ही मुलं गाइड आठवायला लागतात."

पुन्हा वाचन. या वेळी हळू, एकेकानं दोन-दोन ओळी. दोन्ही काठांवर हिरवळ घेऊन जाणारा झरा. लांब टेकडीकडे इवलंसं गाव. शेतं. त्यांतून वाकडी जाणारी पांढरी पाऊलवाट. एक काळा डोह. आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड.

"औदुंबर म्हणजे?" धाकट्यांपैकी एक.

"गूलर," तीन-चार आवाज एकदम. प्रश्न संपतो.

"काय दिसलं ते सांगा. काय वाटलं ते नंतर," काकू म्हणतात.

चष्मेवाली मुलगी हात वर करते. "आधी सगळं वरून दिसतं, काकू. ड्रोनसारखं. मग खाली खाली येतं. गाव, शेत, रस्ता, आणि शेवटी एकच झाड."

काकू काही बोलत नाहीत, पण त्यांची मान हलते. ही उपमा त्यांच्या वेळच्या कुठल्याही शिक्षकाला सुचली नसती. मुलगी तिसऱ्या ओळीपासून आठवीपर्यंत बोट उतरवत नेते आणि सगळ्यांची बोटं आपापल्या कागदावर तशीच उतरतात.

"पण रस्ता गावाकडे का नाही जात?" हा प्रश्न एका अगदी अनपेक्षित जागेवरून येतो. सकाळपासून मोबाइल मांडीखाली दडवून बसलेली मुलगी आहे ही. "गाव इकडे आहे, ठीक आहे. मग वाट डोहाकडे का चाललीय? तिथे कोण जातं?"

"पाणी भरायला जातात," कुणीतरी.

"कोण जातं? माणूस एकही नाही यात. बोट ठेव माणसावर."

सगळे शोधतात. खरंच नाही. गाव आहे, घरं आहेत, मळे आहेत, चालून चालून पडलेली वाट आहे; चालणारा नाही. मघाचा मुलगा, ज्याचा एकटेपणा सापडत नव्हता, ताठ बसतो. त्याला आता ओळ मिळाली आहे, किंवा ओळीत जे नाही ते मिळालं आहे. तो घाईघाईनं बोलू लागतो आणि अर्ध्यातच थांबतो. "पण म्हणून ते उदासच आहे असं नाही ना? अंधाराला तर तो गोड म्हणतोय."

मला इथे टाळी वाजवाविशी वाटते. अट आठवते. स्वतःच्याच मताला अडचणीची ओळ स्वतः शोधून आणणारी माणसं मी साहित्य संमेलनांतही फार पाहिलेली नाहीत.

मग बोलतो तो ग्वारीघाटकडचा मुलगा. अंगाने बारीक, बोलण्यात जास्त हिंदी. बरगी धरणाचे गेट उघडले की त्यांच्याकडे घाटाच्या पायऱ्या बुडतात, काठची झाडं अर्धी पाण्यात जातात. "तशीच दिसतात झाडं, पाण्यात पाय असलेली. पण ती बिचारी उभी असतात, काकू. पाणी आलं त्यांच्यावर. हे झाड तर स्वतःच बसलंय. आरामात."

"कशावरून आरामात?"

"बसलंय म्हणतो ना कवी. झाड कुठं बसतं? त्यानं बसवलं."

खोलीत थोडा वेळ गलका होतो. उंच मुलाला हे पटत नाही. त्याच्या मते यमकासाठी आणि चालीसाठी कवी काहीही करतो. काकू त्याला थोपवत नाहीत. "'उभा' घालून बघ ना. चाल बिघडते का?" तो ओठांत पुटपुटत घालून बघतो. एक मात्रा कमी पडते, पण 'उभाच' केलं की माप भरतं. तो आणखी दोनदा म्हणतो, खात्री करून घेतो आणि काहीसा नाराज होऊन गप्प बसतो.

वीज येते. पंखा सुरू होतो आणि कागद उडतात. त्या गोंधळात काकू कवीचं नाव सांगून टाकतात: बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० चा, धरणगावचा. नाव ऐकताच दोघांच्या चेहऱ्यावर 'हे येतं आम्हाला' असा भाव. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेखाली सापडून ते गेले, वय सत्तावीस, हे एका मुलीनं कुठेतरी वाचलेलं आहे. जागा भादली स्टेशन, जळगावजवळ. सुट्टीत मुंबईला जाताना या मुलांची गाडी इटारसी-भुसावळवरून त्याच भादलीतून जाते. १८७० मध्ये मुंबईचा लोहमार्ग आणि कोलकात्याचा लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले, तोच हा रस्ता. मुलं एकदम गंभीर होतात.

"म्हणजे डोह म्हणजे मरण," एकजण जाहीर करतो.

"बोट?"

तो हसतो. "रेल्वे लाइनीवर ठेवलं, काकू." सगळे हसतात, काकूही. मृत्यूची गोष्ट खरी आहे, कवितेतला काळा रंगही खरा आहे, पण एकाच्या पुराव्यावर दुसऱ्याचा निकाल लागत नाही. या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आणि त्यांतली काही याच घाईत लिहिली गेली, असं माझं मत आहे.

पोहे येतात. जलेबी शेजारच्या हलवायाची, खव्याची, जबलपुरी काळी. हात चिकट झाल्यामुळे कागद थोडा वेळ बाजूला.

दुसरा कागद हिंदीत आहे. मोठ्या कवितेचा सुरुवातीचा तुकडा, पुन्हा नाव नसलेला. हिंदी ही मुलांची शाळेची भाषा, त्यामुळे हे सोपं जाईल असा माझा अंदाज होता. उलटंच होतं. ओळी तुटक, मध्येच दोन शब्दांची ओळ, यमक हरवलेलं. शहराबाहेर पडक्या भागात एक सोडून दिलेली बावडी, आत थंड अंधार, पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या. मुलं दोनदा वाचतात आणि नंतर पंख्याकडे बघतात.

"काय कळलं नाही, त्याच्यावर बोट ठेवा," काकू म्हणतात.

हे मात्र सगळ्यांना जमतं. बोटं झपाझप पडतात. धाकटीला बावडीच माहीत नाही. अधारतालच्या मुलाला हे खरं वाटत नाही. राणीताल, चेरीताल, अधारताल, हनुमानताल, अर्ध्या शहराचे पत्ते तलावांवरून, आणि हिला बावडी माहीत नाही? दोघांचं जुंपतं. तेवढ्यात चष्मेवाली ओरडते, "अरे, औदुंबर! इथे पण आहे!"

सगळ्यांची डोकी कागदात. आहे. बावडीच्या भोवती, गुंतलेल्या फांद्यांचे.

"हिंदी कवी असता तर गूलर लिहिलं असतं," ती म्हणते. "हा मराठी आहे का?"

"अंदाज बरोबर, पुरावा कच्चा," काकू म्हणतात. "औदुंबर संस्कृतातही आहे." आणि मग नाव येतं: गजानन माधव मुक्तिबोध. कविता 'ब्रह्मराक्षस', १९६४ च्या 'चाँद का मुँह टेढ़ा है' संग्रहातली. घर मराठी. थोरला गजानन हिंदीत लिहिता झाला, धाकटा शरच्चंद्र मराठीत, आणि त्या धाकट्याला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४६ च्या सुमारास गजानन जबलपुरात होते आणि हितकारिणी शाळेत शिकवत होते. पुढे त्यांची 'एक साहित्यिक की डायरी' इथल्याच 'वसुधा'त, हरिशंकर परसाईंच्या मासिकात, क्रमशः आली.

"हितकारिणीत? मास्तर होते?" उंच मुलाला हे सगळ्यात जास्त भिडलेलं दिसतं. घरी मराठी आणि बाहेर हिंदी, ही आजवर त्याला अडचण वाटत आली असणार.

मोबाइलवाली मुलगी मात्र कागद सोडत नाही. "बालकवींचं झाड बसलेलं. यांची उभी आहेत."

"झाडं उभीच असतात, त्यात काय?" ग्वारीघाटचा मुलगा. मघाशी हाच मुद्दा त्यानं मांडला होता, आणि आता तो त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. "बसलं म्हणणं मुद्दाम असतं. उभं म्हणणं तर सवयीचं."

"मग गप्प आहेत असं का सांगितलं? झाडं काय बोलतात? काहीतरी माहीत असेल त्यांना, म्हणून गप्प."

कुणीच लगेच उत्तर देत नाही. काकू पुढे रेटत नाहीत. त्या कपबशा गोळा करताहेत. मुलं आपसात बोलताहेत, हळू आवाजात, अर्धी हिंदी अर्धी मराठी, मध्येच 'देख बड्डे' म्हणून दुसऱ्याच्या कागदावर बोट ठेवत. सुरुवातीचा तो ठणकारा आता कुणाच्याच बोलण्यात नाही. मला हाच आवाज जास्त भरवशाचा वाटतो.

एकटेपणावाला मुलगा बुडालेल्या पायऱ्यांच्या पुढच्या ओळींवर अडला आहे. तिथे कवी म्हणतो की एखाद्या बोलण्याचा आधार हाती लागत नाही, तरी बोलणं खोल आहे हे जाणवतं, तसं ते पाणी. मुलगा दोनदा वाचतो. "काकू, हे पाण्याबद्दल आहे की या कवितेबद्दल?"

"तुला काय वाटतं?"

"दोन्ही. पण दुसरं मला सिद्ध नाही करता येणार."

साडेबारा होत आले. निघायच्या आधी उंच मुलगा त्याला सकाळपासून टोचत असलेला प्रश्न काढतो. बारावीला बसायचंय त्याला. "हे असं परीक्षेत लिहिलं तर नंबर मिळतील?"

काकू स्पष्ट बोलतात. संदर्भ आणि प्रसंग नेहमीसारखे लिही, त्यात हुशारी नको. व्याख्येत ओळीचं बोट सोडू नकोस. तुझं स्वतःचं जे आहे ते 'विशेष'मध्ये, दोन वाक्यांत, कुठल्या शब्दावरून म्हणतोस ते सांगून. तो तिथल्या तिथे कॉपी काढून दोन वाक्यं लिहितो. काकू वाचतात आणि 'अत्यंत मार्मिक' हे दोन शब्द खोडतात.

"आणि तपासणाऱ्याला हे गाइडमध्ये दिसलं नाही तर?"

"तर एखादा नंबर जाईल."

तो हिशेब करतो, खोडलेल्या शब्दांकडे बघतो आणि विचारतो की 'मार्मिक' तरी ठेवलं तर चालेल का. काकू नाही म्हणतात.