नोकियाचे टायर? हो, खरंच!

घरातला एखादा जुना ड्रॉवर उघडून बघा. रबर बँड, संपलेले सेल आणि त्यांच्याखाली एक नोकिया बहुतेक सापडेलच. जिन्यावरून पडूनही न फुटणारा, स्नेकवाला. त्याच घराण्यात बर्फावर चालणारे टायर बनायचे, असं कोणी सांगितलं तर? मलाही आधी फेकच वाटली होती.

नोकिया हे मुळात फिनलंडमधल्या गावाचं नाव. १८९८ मध्ये सुरू झालेली एक रबर कंपनी १९०४ मध्ये तिथे आली. १९२५ पासून सायकलचे आणि १९३२ पासून मोटारींचे टायर ती बनवू लागली. १९६७ मध्ये रबर, केबल आणि कागदाचा लगदा बनवणाऱ्या तीन कंपन्या एक झाल्या, त्यातूनच पुढे आपला फोनवाला नोकिया आला. १९८८ मध्ये टायरवाल्यांनी वेगळी चूल मांडली. नाव ठेवलं नोकियन, म्हणजे फिनिश भाषेत ‘नोकियाचं’.

पण भारी गोष्ट १९३४ ची आहे. बर्फात ट्रक रुतायचे, ड्रायव्हर चाकांना साखळ्या बांधत बसायचे. कंपनीने आडव्या, खोल खाचांचा ट्रकचा टायर काढला. बर्फासाठी बनलेला हा जगातला पहिला टायर मानतात. दोन वर्षांनी मोटारींसाठी आला ‘हाक्कापेलीट्टा’. हे नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं, तेही त्यांच्या रणघोषावरून पडलेलं. आपल्याकडे टायरला ‘मावळा’ म्हणावं, तसंच!

(मी खरा बर्फ अजून फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय, त्यामुळे पुढचं मलाही नवीनच होतं.) पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी घसरत राहते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावरच्या बारीक चिरा बर्फ पकडतात, काही टायरांना तर धातूचे खिळेच असतात. फिनलंडमध्ये नोव्हेंबर ते मार्च हवामान किंवा रस्ता तसा असेल, तर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात.

मग आलं २०२२. कंपनीचे मोटारींचे सुमारे ८० टक्के टायर रशियात, सेंट पीटर्सबर्गजवळच्या कारखान्यात बनत होते. युक्रेनवर हल्ला झाला आणि कंपनीने तिथून बाहेर पडायचं ठरवलं. पाचातले चार टायर सोडायचे, विचार करा! २०२३ मध्ये तो कारखाना विकला. रोमानियात ओरादेआला नवा उभारला, २०२४ मध्ये तो सुरू झाला.

तुमच्यापैकी कोणी मास्टर्ससाठी तिकडे निघालंय? सेकंडहँड गाडी घ्याल तेव्हा रंग नंतर बघा, आधी खाली वाका. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण शोधा. आणि खाचा मोजा. हिवाळ्यात फिनलंडमध्ये किमान ३ मिलिमीटर खोल लागतात.