श्रद्धेच्या शोधात आलेल्यांचे स्वागत

रविवारची मिस्सा संपते. शेवटच्या बाकावर बसलेली अनोळखी व्यक्ती कोणाशीही न बोलता निघून जाते. हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. ती व्यक्ती कदाचित प्रभूच्या शोधात आलेली असेल!

अशा प्रौढांसाठी प्राचीन ख्रिस्तसभेत दीक्षार्थीकाळ असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली त्याचे पुनरुज्जीवन करण्याचे ठरवले आणि १९७२ साली प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा विधी प्रसिद्ध झाला. त्याचे चार टप्पे आहेत. प्रथम जिज्ञासू व्यक्ती येशूची ओळख करून घेते, शंका विचारते. मग दीक्षार्थी म्हणून ती शुभवर्तमान व प्रार्थनाजीवन आत्मसात करते. प्रायश्चित्तकाळात अंतिम आध्यात्मिक तयारी होते आणि पुनरुत्थानाच्या जागरणविधीत स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद दिला जातो. चौथा टप्पा त्यानंतरचा, स्वीकारलेल्या संस्कारांच्या मननाचा.

या वाटचालीत घाईला स्थान नाही. सक्ती वा प्रलोभनाला तर नाहीच. श्रद्धेचा स्वीकार मुक्तपणेच व्हावा, असे परिषदेने १९६५ साली निःसंदिग्धपणे सांगितले.

दीक्षार्थींची जबाबदारी धर्मगुरू व धर्मशिक्षकांची, असे आपण मानतो. सदर विधी मात्र ती स्नानसंस्कार झालेल्या सर्वांवर सोपवतो. म्हणून नवागताच्या शेजारी बसावे, प्रार्थनेचे पान दाखवावे, नाव विचारावे, चहाला घरी बोलवावे. त्याची जात किंवा भूतकाळ मात्र उकरू नये.

येत्या रविवारी आपण शेवटच्या बाकाकडे एकदा वळून पाहू या.