पदक एकाचे, जाहिरात दुसऱ्याची

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. जिल्ह्यात आनंदाला उधाण आले. तरी बूट-टी शर्टच्या दुकानांतील फलकांवर बहुतेक क्रिकेटपटूच दिसतात. हे असे का?

कंपनी खेळाडू निवडताना आधी गल्ला पाहते. नेमबाजाचे जाकीट आणि बूट वेगळ्याच घडणीचे, घेणारे मोजके. खपतात ते रोजच्या वापराचे बूट आणि टी शर्ट. शिवाय ऑलिंपिक चार वर्षांनी येते, क्रिकेट बारमाही. त्या चेहऱ्याची गिऱ्हाइकाला ओळख करून द्यावी लागत नाही. विराट कोहली यांच्याशी प्यूमाने २०१७ मध्ये आठ वर्षांचा करार केला. रक्कम सुमारे ११० कोटी असल्याचे तेव्हा छापून आले होते.

मात्र चतुर कंपनी नाव मोठे होण्याआधीच हात धरते. १९८४ मध्ये नायकेने मायकल जॉर्डन यांना करारबद्ध केले, तेव्हा व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ते नवखे होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा बूट बाजारात आला आणि आजही विकला जातो. अर्थात असे डाव फसतातही. दुखापत झाली की फलक उतरतो.

आपल्या जर्सी शिवणाऱ्या, छापणाऱ्या कारागिरांना आणि बूटविक्रेत्यांना यातले बरेच लागू पडते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने पाहायला अख्ख्या पेठा लोटतात. पेठेतील पोरे ज्याच्या बुटांकडे पाहतात, असा हंगामभर खेळणारा गडी छोट्या दुकानाला दूरच्या ताऱ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक देईल, असे आमचे मत आहे.

पण एक धोका आहे. २०२१ मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधू यांनी पदक जिंकल्यावर अनेक कंपन्यांनी त्यांचा फोटो आणि आपले बोधचिन्ह टाकून अभिनंदनाच्या जाहिराती केल्या. परवानगी नव्हती. सिंधू यांचे काम पाहणाऱ्या संस्थेने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. आपल्याकडे कौतुकाचा फलक लावताना खाली दुकानाचे नाव सर्रास टाकतात. हेतू चांगला असला तरी ती जाहिरातच ठरू शकते. तेव्हा खेळाडू ओळखीचा असला तरी फोटो कुठे वापरणार, किती महिने, मोबदला रोख की माल, एवढे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. खेळाडू अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही हवी.